विश्लेषण : उपवासाचं शेंदेलोण नेमकं किती जुनं? परागकणांवरून खडकांचं वय शोधणारे बिरबल साहनी आणि त्यांनी हरलेला वाद

उपवासाला अनेक घरांत साधं मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. सैंधव हे त्याचं दुसरं नाव सिंधूच्या मुलखावरून पडलं आहे. पाकिस्तानातल्या पंजाबात झेलम नदीच्या उत्तरेला मिठाच्या डोंगरांची एक रांग आहे आणि तिच्या पायथ्याशी खेवडा इथे मिठाची प्रचंड खाण आहे. ‘हिमालयीन पिंक सॉल्ट’ या नावाने जगभर विकलं जाणारं गुलाबी मीठ मुख्यतः इथलंच. हिमालयाच्या बर्फाळ शिखरांशी त्याचा संबंध फारसा नाही, पण ते असो.

हे मीठ किती वर्षांपूर्वी तयार झालं, या एका प्रश्नावरून १९४० च्या दशकात भारतातल्या भूशास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणत होती, ५० कोटी वर्षांहून जुनं. दुसरी म्हणत होती, जेमतेम पाच कोटी. म्हणजे फरक थेट दहा पटींचा. दुसऱ्या बाजूचं नेतृत्व करत होते भारतातले सर्वांत नावाजलेले पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनी. त्यांच्या हातातला पुरावा डोळ्यांना दिसतही नव्हता. मिठात आणि मिठाच्या थरांमधल्या खडकांत सापडलेले लाकडाचे, पानांच्या सालीचे आणि किड्यांच्या पंखांचे अतिसूक्ष्म कण, एवढ्यावर त्यांचा सगळा युक्तिवाद उभा होता.

साहनी हा वाद हरले. पण ज्या पद्धतीच्या जोरावर ते लढले, ती आज तेलविहिरींपासून दख्खनच्या लाव्हापर्यंत सगळीकडे वापरली जाते.

बिरबल साहनी कोण होते?

१४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातल्या भेरा या गावी त्यांचा जन्म झाला. मिठाची डोंगररांग तिथून फार लांब नव्हती आणि लहानपणी घरच्यांबरोबर खेवड्याकडे त्यांच्या सहली होत. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. पुढे वयाची पन्नाशी गाठल्यावर हे गृहस्थ मँचेस्टरला जाऊन रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करून आले, यावरून घरातलं वातावरण लक्षात यावं. मुलाने आयसीएस व्हावं, ही त्या काळातल्या बहुतेक सुशिक्षित वडिलांसारखी त्यांचीही इच्छा होती. मुलाने वनस्पतीशास्त्र निवडलं.

१९११ मध्ये पदवी घेऊन बिरबल केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तिथे ए. सी. सीवर्ड हे जीवाश्म वनस्पतींचे मोठे अभ्यासक त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१५ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात साहनींचा एक छोटा शोधनिबंध छापून आला. विषय होता, गिंको या झाडाच्या बीजांडात सापडलेले परके परागकण. गिंकोच्या बीजांडात वाऱ्याने भलत्याच झाडाचे परागकण जाऊन बसू शकतात. मग एखाद्या जीवाश्म बीजात परागकण सापडले, तर ते त्याच झाडाचे असं गृहीत धरायचं का? तसं धरणं धोक्याचं आहे, असं या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने बजावलं होतं.

हा इशारा लक्षात ठेवावा. ३० वर्षांनी तो त्यांच्याच कामाला लागू पडणार होता.

परागकणांवरून खडकाचं वय कसं कळतं?

परागकण साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा असतो. बहुतेकांची जाडी माणसाच्या केसापेक्षा कमी. पण त्याचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि निसर्गातल्या सर्वांत चिवट सेंद्रिय पदार्थांमध्ये त्याची गणना होते. पान कुजतं, फूल कुजतं. हे कवच मात्र चिखलात पुरलं गेलं आणि तिथे हवा पोचली नाही, तर कोट्यवधी वर्षं टिकतं. नेचे आणि शेवाळांच्या बीजाणूंचंही तसंच.

शिवाय प्रत्येक वनस्पतीगटाच्या परागकणाचा घाट वेगळा. कुणावर काटे, कुणावर जाळी, कुणाला तीन छिद्रं, तर पाइनच्या परागकणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या. एखादी वनस्पती पृथ्वीवर कधी आली आणि कधी नाहीशी झाली हे इतर पुराव्यांवरून माहीत असेल, तर तिचा परागकण खडकावरच्या तारखेच्या शिक्क्याचं काम करतो. फुलझाडांचे परागकण साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळू लागतात. त्यामुळे खडकात ते सापडले, तर खडक त्याहून जुना असणं कठीण. एकट्या कणावर भिस्त ठेवत नाहीत. कोणकोणते कण एकत्र सापडतात, ती अख्खी टोळी पाहतात.

समुद्रात हेच काम प्लवक करतात. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव चुन्याची कवचं बांधतात. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि पाण्यावर तरंगत दूरदूर पसरल्या. त्यामुळे एकाच जातीच्या आधारे हजारो किलोमीटर अंतरावरचे दोन थर जुळवता येतात. थर कुठे साचला हेही कळतं. नुसते फोरॅमिनिफेरा मिळाले तर समुद्र, गोड्या पाण्यातलं शेवाळ आणि नेच्यांचे बीजाणू मिळाले तर तळं, दोन्ही मिसळून आले तर बहुधा किनारा किंवा खाडी.

प्रयोगशाळेतली कृती ऐकायला सोपी आहे. खडक कुटायचा, हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू आणि माती विरघळवायची. उरतो तो काळपट सेंद्रिय गाळ. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचसुद्धा खातं, त्यामुळे हे काम काचेच्या भांड्यात होत नाही.

खरी अडचण रसायनांची नाहीच. परागकण हवेत सगळीकडे असतात. अंगावरच्या कपड्यांत, नळाच्या पाण्यात, खडकाच्या भेगांत झिरपलेल्या पावसात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला कण खडकातलाच आहे की खिडकीतून आला, हे ठरवणं हीच या शास्त्रातली सर्वांत कठीण परीक्षा आहे.

लखनऊची प्रयोगशाळा

१९१९ मध्ये साहनी भारतात परतले. बनारस आणि लाहोर इथे थोडा काळ शिकवून १९२१ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या लखनऊ विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे पहिले विभागप्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९२९ मध्ये केंब्रिजने त्यांना एससीडी ही पदवी दिली, १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४३ मध्ये विद्यापीठात भूशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्र यांच्यातली भिंत त्यांना मान्य नव्हती.

राजमहाल टेकड्यांमधल्या जीवाश्मांवरचं त्यांचं काम जगभर गाजलं. झाडाचे सुटे सापडलेले भाग जुळवून अख्खी वनस्पती उभी करायची, हा त्यांचा हातखंडा. पेंटॉक्सिली नावाचा वनस्पतींचा पूर्ण नवा गट त्यांनी १९४८ मध्ये मांडला. काश्मीरच्या पीर पंजाल रांगेत आज जिथे कडाक्याची थंडी असते, तिथल्या उंचावरच्या गाळात शिंगाड्याचे जीवाश्म मिळतात. शिंगाडा काही बर्फात उगवत नाही. त्यावरून हिमालयाचा हा भाग भूशास्त्रीय हिशेबाने अगदी अलीकडे, माणूस पृथ्वीवर आल्यानंतरही उचलला जात होता, असं साहनींनी १९३६ मध्ये मांडलं. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर त्यांना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले. त्यावरही त्यांनी इतकं बारकाईने लिहिलं, की नाणेशास्त्रज्ञांनी त्यांना पदक दिलं. या माणसाला जमिनीतून निघालेलं काहीच परकं नव्हतं, असं दिसतं.

सूक्ष्म जीवाश्मांकडे त्यांचं लक्ष १९३० च्या दशकात वळलं. त्यांच्या विद्यार्थिनी चिन्ना विर्की यांनी भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या गोंडवन काळाच्या तळाच्या खडकांतून पंखवाले परागकण वेगळे काढले. दोन खंडांतल्या थरांत सारखेच परागकण मिळणं, हा ते खंड कधीकाळी जोडलेले असल्याच्या कल्पनेला दुजोरा होता. भारतातलं या विषयातलं हे अगदी सुरुवातीचं काम. ‘पॅलिनॉलॉजी’ हा शब्द तोवर जन्मलाही नव्हता. तो आला १९४४ मध्ये.

मिठाचा वाद नेमका काय होता?

खेवड्याला डोंगराच्या कापात खालून वर पाहत गेलं तर क्रम असा दिसतो : तळाशी मीठ आणि लाल माती, त्यावर जांभळा वालुकाश्म, त्यावर ट्रायलोबाइट या प्राचीन सागरी प्राण्यांचे जीवाश्म असलेले थर. ट्रायलोबाइटवाले थर कँब्रियन काळातले, म्हणजे ५० कोटी वर्षांच्या आसपासचे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. खालचा थर आधीचा, हा भूशास्त्राचा पहिला धडा. त्या हिशेबाने मीठ कँब्रियन किंवा त्याहून जुनं. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे ई. आर. जी यांनी ही डोंगररांग वर्षानुवर्षं पायी फिरून नकाशात उतरवली होती. त्यांचाही कल याच बाजूला होता.

पण जवळच कोहाटला मिठाचे आणखी साठे आहेत आणि ते इओसीन काळातले, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. खेवड्याचं मीठही तेच असेल तर? मग जुने कँब्रियन थर भूकंपीय हालचालींनी सरकून तरुण मिठावर चढून बसले, असं मानावं लागतं. हिमालयाच्या परिसरात अशी उलथापालथ अगदी शक्य आहे. थोडक्यात, डोंगर पाहून उत्तर मिळत नव्हतं.

इथे साहनी पुढे सरसावले. मीठ, लाल माती, डोलोमाइट आणि तेलयुक्त शेल यांचे नमुने त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी विरघळवले. जवळपास प्रत्येक नमुन्यात वनस्पतींचे अवशेष निघाले आणि त्यांत फुलझाडांच्या लाकडाचे कणही होते. बाहेरची घाण मिसळू नये म्हणून काटेकोर काळजी घेतल्याचं त्यांनी नोंदवलं. कँब्रियन काळात जमिनीवर झाडंच नव्हती, तर फुलझाडं कुठून येणार? तेव्हा मीठ इओसीनच. १९४४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. या एका विषयावर दोन परिसंवाद भरले. एका बाजूला आयुष्य डोंगरात घालवलेले सर्वेक्षक, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला रॉयल सोसायटीचा फेलो.

मग १९४७ मध्ये वेगळीच गंमत झाली. ए. के. घोष आणि ए. बोस या भारतीय संशोधकांनी मिठाच्या वरच्या, निर्विवादपणे कँब्रियन असलेल्या थरांतही झाडांचे तसेच सूक्ष्म कण मिळाल्याचं जाहीर केलं. आता दोनच शक्यता उरत होत्या. एक तर ५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर लाकूड असलेली झाडं होती, किंवा या खडकांत कण बाहेरून शिरत होते. दुसरी शक्यता खरी असेल, तर साहनींच्या मिठातल्या कणांचंही तेच. पुढे काही वर्षं काहींनी पहिल्या शक्यतेची पाठराखण केली, पण जगात इतर कुठेही कँब्रियन झाडं सापडली नाहीत. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने खात्रीलायक बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांचे आहेत, आणि तेही शेवाळासारख्या बुटक्या वनस्पतींचे.

चूक कुठे झाली?

नंतर तेलासाठी खणलेल्या विहिरींनी आणि भूकंपलहरींच्या सर्वेक्षणांनी चित्र स्पष्ट केलं. मीठ कँब्रियन थरांच्या खाली, मूळच्या जागीच आहे. त्याचं वय आज साधारण ५४ कोटी वर्षं किंवा थोडं जास्त मानलं जातं. राजस्थानात बिकानेर-गंगानगर पट्ट्यात जमिनीखाली त्याच सुमाराचं मीठ आहे.

गमतीचा भाग असा, की थर सरकल्याची शंका पूर्ण चुकीची नव्हती. थर खरोखर सरकले आहेत. फक्त सरकलेलं मीठ खाली नव्हे, तर सगळ्या डोंगराला पाठीवर घेऊन तरुण गाळावर चढलं आहे. मीठ दाबाखाली घट्ट मधासारखं वाहतं. साबणाच्या वडीवरून पाय घसरावा तसा अख्खा डोंगर त्यावरून दक्षिणेकडे घसरत आला. वाहणारं, पाण्यात विरघळणारं आणि पुन्हा स्फटिक होणारं मीठ वाटेतलं काय काय पोटात घेईल, याचा नेम नाही. साहनींनी नमुन्यांचा पृष्ठभाग कितीही स्वच्छ केला असला, तरी परके कण आत कसे पोचले असतील, याची एकाहून अधिक उत्तरं आज देता येतात. १९१५ च्या गिंकोच्या निबंधातला मुद्दा हाच होता : कण कुठे सापडला, यावरून तो तिथलाच आहे हे सिद्ध होत नाही.

दख्खनच्या लाव्हाशी काय संबंध?

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा कातळ आहे तो लाव्हाचा. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्यावर तळी साचली, झाडं वाढली आणि पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप यांनी उजेडात आणले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे त्यांतलं सर्वांत श्रीमंत ठिकाण. तेव्हा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. तिथल्या गारगोटीत फुलं, फळं, ताडाची खोडं पेशींसकट जपली गेली आहेत.

हा लाव्हा डायनोसॉरच्या, म्हणजे क्रेटेशस काळातला की नंतरचा? साहनींनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा प्रश्न विचारला आणि ताडवर्गीय झाडांची रेलचेल, पाण्यावर तरंगणारा अझोला नावाचा नेचा वगैरे पाहून उत्तर दिलं, नंतरचा. १९३७ मध्ये के. पी. रोडे यांच्याबरोबर त्यांनी मोहगाव कलानच्या जीवाश्मांवर सविस्तर लिहिलं.

इथला निकाल साठ वर्षांनी लागला आणि तो परागकणांनीच लावला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोहगाव कलानच्याच थरांत ॲक्विलापोलेनाइट्स या परागकणांची टोळी नोंदवली. ती क्रेटेशसच्या अखेरची ओळखखूण आहे. पण छिंदवाड्यातल्याच झिलमिलीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात पुढे तरंगत्या फोरॅमिनिफेरा मिळाल्या, आणि त्या डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या निघाल्या. देशाच्या मधोमध समुद्री प्लवक, म्हणजे समुद्राचं पाणी तिथवर आत आलं होतं. लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दोन्ही काळांच्या सीमेवर ओतला जात होता. प्रश्न ‘हे की ते’ असा विचारला गेला, म्हणून दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर ठरल्या.

संस्था उभी राहिली, पण…

१९४६ मध्ये साहनींनी लखनऊला पुरावनस्पतीशास्त्राची स्वतंत्र संस्था सुरू केली. स्वतःची मालमत्ता, पुस्तकं आणि आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्यांनी आणि पत्नी सावित्री यांनी तिला दिले. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. भेरा, लाहोर आणि मिठाची डोंगररांग सीमेपलीकडे गेली.

३ एप्रिल १९४९ रोजी संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बसवण्यात आली. नेहरू आणि साहनी यांची जन्मतारीख एकच, १४ नोव्हेंबर, आणि दोघेही केंब्रिजचे विज्ञानाचे विद्यार्थी. कोनशिलेत वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म जडवलेले होते. त्यानंतर आठवडाभरातच, ९ एप्रिलला मध्यरात्रीच्या सुमारास साहनी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ५७. १९५० च्या स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेचं अध्यक्षपद त्यांना देऊ झालं होतं.

सावित्री साहनी शास्त्रज्ञ नव्हत्या. तरीही १९६९ पर्यंत संस्थेचा कारभार त्यांनी सांभाळला. इमारतीचं उद्घाटन १९५३ मध्ये झालं, पुन्हा नेहरूंच्याच हस्ते. साहनींच्या चरित्रांत त्यांना साधारण एक परिच्छेद मिळतो, तो कमीच आहे. त्या नसत्या तर संस्था कोनशिलेपुरती उरली असती.

आज या पद्धतीचा उपयोग काय?

सर्वांत मोठं गिऱ्हाईक तेल उद्योग. विहीर खणताना वर येतो तो खडकाचा चुरा. त्यात हाडं-शिंपले शाबूत राहत नाहीत, पण परागकण आणि प्लवक राहतात. त्यांच्यावरून ड्रिलिंग कोणत्या काळाच्या थरात पोचलं ते कळतं. परागकणाचा रंगही बोलतो. थर तापत गेला की कवच पिवळ्याचं तपकिरी आणि शेवटी काळं होतं. तपकिरी छटेच्या टप्प्यात तेल बनण्याजोगी उष्णता मिळालेली असते, काळा रंग दिसला की तेलाची वेळ टळलेली.

इथेही साहनींना नडलेली अडचण आहेच. विहिरीच्या भिंतींतून वरच्या, तरुण थरांचा चुरा खाली पडतो आणि नमुन्यात मिसळतो. म्हणून तेलविहिरीत एखादी जात सर्वांत खोल कुठे मिळाली याला महत्त्व देत नाहीत. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे दिसली, तेच पाहतात. वरचा चुरा खाली पडू शकतो, खालचा वर चढत नाही.

साहनींच्या संस्थेचं नाव आता बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान असं आहे. तिथल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म विरघळवले आणि त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा तो पहिला ठोस पुरावा ठरला. ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एक नाव होतं अशोक साहनी, बिरबल यांच्या भावाचा मुलगा.